डीएनएचा पीळ उकलणारी विकरे : जमाखर्चातील एका लहान नोंदीविषयी

या अहवालाच्या जमाखर्चाच्या पानांत 'गुणसूत्र-भंग तपासणी साहाय्य' अशी एक लहानशी नोंद आपणांस आढळेल. डायलिसिस अथवा मोतीबिंदू शस्त्रक्रियांच्या रकमांपुढे ती नजरेत भरण्यासारखी नाही. तरीही गेल्या वार्षिक सभेत आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले. "या तपासणीने मूल बरे होते का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे व ते आम्ही सभेत दिलेही. मग हा खर्च कशासाठी, हे मात्र त्या वेळी नीट सांगता आले नाही. चहापानाची वेळ झाली होती. ते येथे सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत. उत्तर थोडे लांबचे आहे, कारण त्याची सुरुवात पेशीच्या अगदी गाभ्यापासून करावी लागते.

ज्यांनी गावाकडे सुंभ वळताना पाहिला आहे, त्यांस डीएनएची रचना वेगळी समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. दोन पेड एकमेकांभोवती पीळ घेत जातात, तशीच ही रचना आहे. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी केंब्रिज येथे ती मांडली. प्रत्येक पेडावर चार प्रकारच्या रासायनिक घटकांची रांग असते आणि समोरासमोरच्या घटकांच्या जोड्या जुळून दोन्ही पेड एकत्र राहतात. या घटकांचा क्रम हाच आपला आनुवंशिक मजकूर होय. मनुष्याच्या एका पेशीत अशा सुमारे ६२० कोटी जोड्या असतात. हा धागा सरळ केला तर त्याची लांबी दोन मीटरच्या आसपास भरते. साधारण साडेदहा जोड्यांमागे एक पीळ, या हिशेबाने एका पेशीत सुमारे ६० कोटी पीळ होतात. या संपूर्ण मजकुराला जनुकसंच म्हणतात.

अडचण अशी की हा मजकूर पिळाच्या आतल्या बाजूस असतो. तो वाचायचा असो वा त्याची प्रत काढायची असो, पेड उकलल्यावाचून गत्यंतर नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हटवादी माणसाबद्दल वापरतो. परंतु रचना प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच, १९५४ मध्ये, मॅक्स डेलब्रुक यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाने डीएनएबद्दल जवळपास हीच शंका काढली होती. एवढे कोट्यवधी पीळ पेशी दरवेळी सोडवणार तरी कसे? शंका रास्त होती. उत्तराचा पहिला भाग १९७६ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे मिळाला. आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूपासून संशोधकांनी एक विकर, म्हणजेच एन्झाइम, वेगळे काढले. पेशीतील एटीपी हे इंधन जाळून ते दोन पेड एकमेकांपासून अलग करीत होते. अशा विकरांना पुढे हेलिकेज हे नाव रूढ झाले.

आपल्या पेशीत डीएनएची प्रत काढताना पुढे चालणारे हेलिकेज मुख्यतः सहा प्रथिनांचे एक कडे असते. दोरीचा एकच पेड अंगठीतून ओवून घ्यावा आणि अंगठी पुढे सरकवीत न्यावी, म्हणजे दुसरा पेड आपोआप बाजूला सारला जातो. काम जवळजवळ तसेच चालते. जिवाणूत हे कडे सेकंदाला सुमारे एक हजार जोड्या उघडते, म्हणजे त्याच्या पुढचा डीएनए मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेरे घेतो. आपल्याकडे गती पुष्कळ कमी, मिनिटाला एक-दोन हजार जोड्या, परंतु काम एकाच वेळी हजारो ठिकाणी चालू असते. उकलताना पुढचा पीळ अधिक घट्ट होतो, तो सैल करणारी विकरे निराळी आहेत. त्यांच्या तपशिलात येथे जात नाही.

आमच्या विषयाशी खरा संबंध येतो तो यानंतर. उघडलेला पेड हा उघड्या तारेसारखा असतो. तो स्वतःवरच दुमडून गाठी पाडतो, शेजारच्या पेडात गुंततो, प्रसंगी तुटतो. धूम्रपान, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि पेशीच्या स्वतःच्या श्वसनातून निर्माण होणारी रसायने यांनी आधीच इजा झालेल्या जागी प्रत काढण्याचे काम अडकते, ते वेगळेच. म्हणून पेशीने रस्ता उघडणाऱ्या हेलिकेजखेरीज गुंता सोडवणारी हेलिकेजेही बाळगली आहेत. ती नसली तर काय होते, हे आपल्याला प्रयोगशाळेच्या आधी काही मुलांच्या आजारांनी दाखवले.

१९५४ मध्येच न्यूयॉर्क येथील त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड ब्लूम यांनी काही मुलांची नोंद केली. ही मुले जन्मतःच फार लहान चणीची होती व तशीच राहिली. उन्हात गेल्यावर त्यांच्या गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लालसर चट्टा उठे. पुढे लक्षात आले की अशा मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि कर्करोग फार लवकर गाठतो. विशीत, कित्येकदा त्याहीआधी, आणि एकाच व्यक्तीस एकाहून अधिक प्रकारचा. या विकारास ब्लूम सिंड्रोम म्हणतात. तो अत्यंत दुर्मिळ आहे. जगभरातून नोंदणीपुस्तकात आलेले रुग्ण काहीशेच आहेत. पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यू समाजात तो तुलनेने अधिक दिसतो, कारण तेथे शंभरात सुमारे एक व्यक्ती एका समान पूर्वजाकडून आलेला दोष वाहत असते.

जेम्स जर्मन या वैद्यकाने या मुलांचा पाठपुरावा आयुष्यभर केला. १९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की या मुलांच्या पेशींतील गुणसूत्रे वरचेवर तुटतात. १९७४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने त्याहून स्पष्ट खूण शोधली, आणि तीच पुढे निदानाची कसोटी ठरली. ती कसोटी समजून घेण्यासारखी आहे. पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत निघते. मूळ आणि प्रत यांना भगिनी-धागे म्हणतात. विशिष्ट रसायन व रंग वापरून एक भगिनी गडद आणि दुसरी फिकी अशी रंगवता येते. निरोगी व्यक्तीच्या पेशीत धाग्याचा रंग क्वचितच मध्ये बदलतो. सबंध पेशीत अशी अदलाबदल दहाहून कमी ठिकाणी दिसते. ब्लूम सिंड्रोमच्या रुग्णात ती चाळीस ते शंभर ठिकाणी दिसते आणि गुणसूत्रे पट्टेदार सतरंजीसारखी भासतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिलेले हे चित्र विसरता येत नाही.

मात्र या अदलाबदलीचे कारण समजण्यास आणखी दोन दशके लागली. १९९५ मध्ये १५ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील दोषी जनुक सापडले. त्यापासून बनणारे १४१७ अमिनो आम्लांचे प्रथिन पाहता ते एक हेलिकेज निघाले. त्याचा जिवाणूतील भाऊबंद, रेकक्यू नावाचा, जपानी संशोधकांनी १९८४ मध्येच शोधून ठेवला होता. तेव्हा त्याचा न्यूयॉर्कच्या त्या मुलांशी काही संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. मूलभूत संशोधनाला पैसा कशाला, असे जे विचारतात त्यांना आम्ही हे उदाहरण नेहमी देतो.

हे हेलिकेज करते काय? प्रत काढताना धागा तुटला तर पेशी भगिनी-धाग्याकडे पाहून तुटलेला मजकूर भरून काढते. त्यासाठी दोन्ही धागे एकमेकांत शिरतात आणि दोन जागी अढी पडते. काम झाल्यावर ही अढी सोडवण्याचे दोन मार्ग असतात. एक कात्रीचा : अढी कापून टोके जोडणे, ज्यात एका धाग्याचा तुकडा दुसऱ्यास जोडला जाण्याचा धोका राहतो. दुसरा उकलण्याचा : ब्लूम हेलिकेज पीळ सोडवीत दोन्ही अढ्या एकमेकींकडे सरकवीत आणते, तिच्या जोडीचे टोपोआयसोमरेज हे विकर शेवटचा वेढा काढते आणि दोन्ही धागे होते तसे वेगळे होतात. इयन हिक्सन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये परीक्षानळीत हे दाखवून दिले. हेलिकेज नसेल तेव्हा पेशीच्या हाती कात्रीच उरते.

भगिनी-धागे एकसारखेच असल्याने त्यांच्यातील अदलाबदल पुष्कळदा निरुपद्रवी ठरते. पण असाच व्यवहार आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांत झाला तर गोष्ट बदलते. एखाद्या कर्करोगरोधक जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल, तर अदलाबदलीनंतर एखाद्या पेशीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येऊ शकतात. अशी एक पेशी पुरेशी असते. जनुकसंचाचे स्थैर्य हे शब्द ऐकायला पुस्तकी वाटतात, पण त्यांचा अर्थ एवढाच की मजकूर पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी राहावा.

या कुळातील आणखी एक हेलिकेज वर्नर सिंड्रोमशी निगडित आहे. १९०४ मध्ये कील येथील ऑटो वर्नर यांनी एकाच घरातील चार भावंडांचे वर्णन केले होते. विशी-तिशीत केस पांढरे, तरुणपणीच मोतीबिंदू, त्वचा वृद्धासारखी. जनुक १९९६ मध्ये सापडले. त्याच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळू, कारण त्यात कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक नवीन बातमी आहे.

आता आमच्या वॉर्डाकडे येतो. ब्लूम सिंड्रोमचे निदान झालेला रुग्ण आमच्याकडे आजवर आलेला नाही. परंतु त्याच्याशी नाते सांगणारा आणि त्याहून पुष्कळ अधिक आढळणारा विकार आम्ही पाहिला आहे, तो म्हणजे फॅन्कोनी रक्तक्षय. १९२७ मध्ये स्विस बालरोगतज्ज्ञ गुइदो फॅन्कोनी यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. या विकारात डीएनएचे दोन पेड एकमेकांस चिकटून बसले तर ते सोडवणारी यंत्रणा बिघडलेली असते. पेडच चिकटलेले असतील तर रस्ता उघडणारे हेलिकेजही पुढे जाऊ शकत नाही. ही यंत्रणा वीसहून अधिक जनुकांच्या सहकार्याने चालते. त्यांपैकी एक स्वतः हेलिकेज आहे व त्यातील दोषामुळे हा विकार होतो हे २००५ मध्ये सिद्ध झाले. बहुसंख्य रुग्णांत दोष दुसऱ्या जनुकांत असतो, पण अडखळण्याची जागा एकच.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका शाळकरी मुलाची उंची वयाच्या मानाने कमी होती, एक अंगठा लहान होता, पाठीवर कॉफीच्या रंगाचे डाग होते. हिमोग्लोबिन कमी म्हणून त्याला लोहाची औषधे मिळत होती. आमच्याकडेही ती काही महिने चालूच राहिली, हे येथे नमूद करणे आम्हांस कर्तव्य वाटते. अंगठा, डाग आणि रक्ताचा अहवाल हे तिन्ही निरनिराळ्या कागदांवर लिहिलेले होते. ते एकत्र वाचणारा कोणी नव्हता. प्लेटलेट उतरू लागल्यावर आमच्या रक्तविकार विभागातील डॉक्टरांनी सर्व केसपेपर टेबलावर मांडले आणि मग गुणसूत्र-भंग तपासणी पाठवली. रक्तातील पेशींना मायटोमायसिन-सी हे पेड चिकटवणारे औषध अल्प प्रमाणात देऊन गुणसूत्रे किती तुटतात हे या तपासणीत मोजतात. निरोगी पेशी ते सहन करतात. या मुलाच्या गुणसूत्रांचे तुकडे होऊन ती एकमेकांस भलत्या ठिकाणी जुळली होती.

सभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या टप्प्यावर आहे. अशा मुलाच्या अस्थिमज्जेचे कार्य बंद पडत जाते आणि त्यावर प्रत्यारोपण हा प्रमुख उपाय आहे. प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी मोकळी करावी लागते. त्यासाठी वापरले जाणारे सायक्लोफॉस्फमाइड हे औषध नेमके डीएनएचे पेड एकमेकांस चिकटवते. इतर मज्जाक्षयाच्या रुग्णास जी मात्रा चालते, ती फॅन्कोनीच्या मुलाच्या त्वचेला, आतड्याला, सर्वच पेशींना घातक ठरते, कारण चिकटलेले पेड सोडवण्याची यंत्रणा त्याच्या शरीरात कोठेच नसते. पॅरिसच्या डॉ. एलियान ग्लुकमन यांनी हे ओळखून मात्रा नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आणली, आणि तेव्हापासून ही मुले प्रत्यारोपणातून वाचू लागली. नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त वापरून जगातील पहिले नाळरक्त-प्रत्यारोपण त्यांच्याच चमूने १९८८ मध्ये केले, तेही फॅन्कोनीच्याच पाच वर्षांच्या मुलावर. म्हणजे तपासणी मुलास बरे करीत नाही, पण बरे करणाऱ्या औषधाने त्याचा जीव जाऊ नये, हे तिच्यावर अवलंबून असते. ब्लूम सिंड्रोमच्या रुग्णांनाही कर्करोगाची औषधे कमी मात्रेत द्यावी लागतात व किरणोपचार शक्यतो टाळावा लागतो. तेथेही आधी निदान, मग मात्रा.

आणखी एक गोष्ट देणगीदारांस माहीत असावी. तपासणी एका मुलाची करून भागत नाही. मज्जा देण्यासाठी सख्खे भावंड सर्वांत योग्य समजले जाते, पण त्याच भावंडातही विकार असू शकतो आणि लक्षणे अद्याप दिसलेली नसतात. त्यामुळे एका घरात दोन किंवा तीन तपासण्या होतात. आमची नोंद फुगलेली दिसते ती यामुळे.

पालकांशी बोलणे हे या कामातील सर्वांत अवघड अंग आहे. हा विकार बहुधा अप्रभावी पद्धतीने उतरतो : आई आणि वडील दोघेही वाहक, दोघेही पूर्णपणे निरोगी, आणि प्रत्येक गरोदरपणात चारांत एक एवढी शक्यता. आपल्याकडे कित्येक घरांत मामाच्या मुलीशी विवाह होण्याची रीत आहे, आणि एकाच आजोबांकडून आलेला दोष अशा विवाहात दोन्ही बाजूंनी भेटण्याचा संभव वाढतो. म्हणून आम्हांस तो प्रश्न विचारावाच लागतो. त्या मुलाच्या आजी हे ऐकून बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "सोयरीक मीच जुळवली हो डॉक्टर. माझ्याच भावाची लेक आणली." आमच्या समाजसेविका ताईंनी त्यांचा हात हाती घेऊन सांगितले की, आजी, नात्याबाहेर लग्न झालेल्या घरांतही हा आजार होतो, आणि तुमच्यात काय दडले आहे हे त्या काळी कोणालाच पाहता येत नव्हते. आजींना हे किती पटले, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र धाकट्या नातीला तपासणीसाठी त्या स्वतः घेऊन आल्या. तिची गुणसूत्रे निरोगी निघाली.

अशा कुटुंबांच्या माहितीसाठी दोन गोष्टी. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था असून फॅन्कोनी रक्तक्षयावर तेथे संशोधन झाले आहे. तसेच केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात हा विकार पहिल्या गटात, म्हणजे एकदाच करावयाच्या उपचाराने आटोक्यात येणाऱ्या आजारांत, समाविष्ट आहे. निवडक उत्कृष्टता केंद्रांतून मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये करण्यात आली. के. ई. एम. रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. अर्ज भरण्यास आमचा समाजसेवा विभाग मदत करतो.

वर्नर हेलिकेजविषयीची बातमी सांगायची राहिली. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत डीएनएमधील चुकीच्या जोड्या दुरुस्त करणारी यंत्रणा नष्ट झालेली असते. अशा अर्बुदाच्या पेशींत ठरावीक अक्षरांची पुनरावृत्ती वाढत जाऊन जागोजागी गाठी पडतात, आणि त्या सोडवण्यासाठी त्या पेशी वर्नर हेलिकेजवर सर्वस्वी विसंबून राहतात. २०१९ मध्ये अनेक संशोधक गटांनी स्वतंत्रपणे हे दाखवून दिले. निरोगी पेशी काही काळ त्या हेलिकेजवाचून निभावतात. अर्बुदाच्या पेशी निभावू शकत नाहीत. या हेलिकेजला रोखणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या आहेत. ती यशस्वी होतील की नाही हे आज सांगणे घाईचे ठरेल. आमच्या कर्करोग विभागाने मात्र आतड्याच्या अर्बुदांची ही दुरुस्ती-यंत्रणा शाबूत आहे की नाही हे तपासून अहवालात नोंदवण्यास आरंभ केला आहे. सध्या उपलब्ध असलेल्या उपचारांची निवडही त्यावर ठरते.

मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकांच्या मनात आले असेलच. मज्जेचा नमुना बहिणीशी जुळला. प्रत्यारोपण आमच्याकडे होत नसल्याने त्याला मोठ्या केंद्राकडे पाठवले, सोबत तपासणीचा अहवाल आणि पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत औषधाच्या मात्रेविषयीची सूचना जोडून. तो आता दर सहा महिन्यांनी आमच्याकडे येतो. तोंड व घसा तपासून घ्यावा लागतो, कारण प्रत्यारोपणाने मज्जा बदलते, इतर पेशींतील दोष तसाच राहतो. गेल्या खेपेस त्याने आमच्या तंत्रज्ञांकडे आपल्या गुणसूत्रांचे छायाचित्र मागितले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लावायचे होते म्हणे. आई-वडिलांची परवानगी घेऊन आम्ही ते दिले, आणि शेजारी लावण्यासाठी त्याच्या बहिणीचेही.